डोंगरउतारावरचा सेन्सर आणि हलकं एन्क्रिप्शन

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता; बचावपथकं भर पावसात चिखल तुडवत पायी वर चढली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हतीच. त्याआधी 2014 मध्ये माळीण आणि 2021 मध्ये तळिये ही गावंही अशीच दरडीखाली गेली होती. अशा प्रत्येक घटनेनंतर एक मागणी पुढे येते: डोंगरावर यंत्रं बसवा, जमीन सरकायला लागली की आधी कळू द्या. मागणी रास्त आहे आणि ती हवेतली नाही. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने 2009 च्या सुमारास असं जाळं उभारलं. जमिनीतल्या पाण्याचा दाब, ओल आणि उताराची हालचाल मोजून ते बिनतारी पाठवतं. पुढे सिक्कीममध्येही तसंच जाळं बसवलं गेलं.

यंत्र बसवणारे इंजिनिअर लवकरच एका प्रश्नापाशी येतात. पेटीतला सेन्सर रेडिओवरून बोलतो. रेडिओ कोणालाही ऐकता येतो आणि त्यावर कोणालाही बोलताही येतं. म्हणजे एन्क्रिप्शन हवं. पण पेटीत छोटी बॅटरी, काही किलोबाइट मेमरी आणि मोबाइलच्या मानाने अगदीच मंद चिप. बँकांच्या सर्व्हरवर चालणारं एन्क्रिप्शन इथे परवडेल का, की खास हलकं काही निवडावं? या प्रश्नावर वीसेक वर्षं जगभर काम झालं आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्यावर एक अधिकृत उत्तरही आलं. ते उत्तर चांगलं आहे. तरीही अल्गोरिदमची निवड हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे मात्र चर्चा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते.

कर्जत-खालापुरात अशी किती प्रकारची यंत्रं असू शकतात ते आधी पाहू. उल्हास आणि पाताळगंगेची पातळी मोजणारे सेन्सर, मोरबे धरणासारख्या जलाशयांवरची मापकं, कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या खाचरांत शोभेल असं हवामान केंद्र, खोपोली-रसायनी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरचे मीटर, फार्महाउसचे कॅमेरे, घरोघरचे वीजमीटर आणि द्रुतगती मार्गावर खालापूर टोलनाक्याखालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवरचा फास्टॅग. या सगळ्यांना सरसकट ‘आयओटी’ म्हटलं जातं आणि सरसकट एकच सल्लाही दिला जातो. वीजमीटरला विजेची ददात नाही. कॅमेऱ्याला चार्जर असतो. फास्टॅगमध्ये तर बॅटरीच नाही, रीडरच्या लहरींतून मिळेल तेवढ्या शक्तीवर तो क्षणभर जागा होतो. खरी काटकसर करावी लागते ती डोंगरावरच्या पेटीला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर ऊन दुर्मीळ असतं. ज्या महिन्यांत पेटीची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच महिने सोलर पॅनेलचे भाकड.

मग हिशेब करू. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय कमी शक्तीचा रेडिओ वापरता येतो आणि लोरावॅन हे तंत्र त्याच पट्ट्यात चालतं. समजा पेटी दर दहा मिनिटांनी दहा बाइटचं मोजमाप पाठवते. लोरावॅनची स्वतःची 13 बाइटची भर पडून संदेश 23 बाइटचा झाला. दरीतून संदेश झेलणाऱ्या गेटवेपर्यंत पोचायचं म्हणून सर्वांत संथ, सर्वांत लांब पल्ल्याचा वेग निवडला, तर हा संदेश हवेत सुमारे दीड सेकंद राहतो. तेवढा वेळ रेडिओ साधारण 40 मिलिअँपिअर खातो. आता एन्क्रिप्शन. नेहमीचं एईएस साध्या चिपवर, कोणत्याही खास सोयीशिवाय, एका ठोकळ्याला काही हजार क्लॉक-ठोके घेतं. संदेश झाकणं आणि त्यावर पडताळणीची खूण करणं धरून सगळं काम एखाद्या मिलिसेकंदात उरकतं, आणि त्या वेळी चिप पाच-सहा मिलिअँपिअर ओढत असते. म्हणजे रेडिओचा खर्च एन्क्रिप्शनच्या दहा हजार पट. झोपेतला वापर सोडून दिला तर 2400 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी या पेटीला हजारेक दिवस पुरेल. एन्क्रिप्शन पूर्ण काढून टाकलं तर त्या हजार दिवसांत दोन-तीन तासांची भर पडेल.

याउलट, कोणी उत्साहाने चार बाइटच्या पडताळणी-खुणेऐवजी सोळा बाइटची खूण लावली, तर संदेश 35 बाइटचा होतो, हवेतला वेळ 1.8 सेकंदांवर जातो आणि हजार दिवसांचे सव्वाआठशे होतात. जवळपास सहा महिने गेले. तेव्हा बॅटरीच्या दृष्टीने हलकं म्हणजे कमी गणित करणारं नव्हे, कमी बाइट पाठवणारं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा फरक क्वचितच दिसतो. ठोके मोजून दाखवणं सोपं असतं, म्हणून ठोकेच मोजले जातात.

तरी हलक्या अल्गोरिदमचा शोध निरर्थक नव्हता. त्याचा उगम बॅटरीत नाही, चिपच्या क्षेत्रफळात आहे. एईएस 2001 मध्ये प्रमाण झालं तेव्हा ते संगणकांसाठी होतं. आरएफआयडी टॅगसारख्या काही रुपयांच्या चिपवर सुरक्षेच्या वाट्याला एक-दोन हजार गेट येतात, आणि त्या काळात एईएसची आटोपशीर मांडणीही सुमारे 3400 गेट घेत असे. ही जागा भरायला 2007 मध्ये प्रेझेंट आलं: 64 बिटचा ठोकळा, 31 फेऱ्या, जेमतेम 1570 गेट. 2012 मध्ये ते सोनीच्या क्लेफियासोबत आंतरराष्ट्रीय प्रमाणात गेलं.

प्रेझेंटच्या आधी कंपन्यांनी आपापले घरगुती उपाय योजले होते, आणि त्यांची कहाणी आजही प्रत्येक निविदाकाराने वाचावी अशी आहे. गाड्यांच्या रिमोटमधलं कीलॉक, बस-मेट्रोच्या कार्डांमधलं मायफेअर क्लासिकचं 48 बिटचं क्रिप्टो-1. रचना गुप्त ठेवली की सुरक्षित राहते, हा सगळ्यांचा समज. 2008 मध्ये हॉलंडमधल्या नायमेगनच्या संशोधकांनी क्रिप्टो-1 उघडं पाडलं. चिप बनवणारी कंपनी प्रकाशन रोखायला न्यायालयात गेली आणि हरली. त्याच सुमारास कीलॉकमधून उत्पादकाची मूळ किल्लीच बाहेर काढली गेली. यातून धडा शिकायला हवा होता, पण 2023 मध्ये टेट्रा या पोलीस-आपत्कालीन रेडिओचा एक अल्गोरिदम तपासला गेला तेव्हा कागदावरची 80 बिटची किल्ली प्रत्यक्षात 32 बिटवर आणून ठेवल्याचं निघालं. गुप्त अल्गोरिदम विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, इतका हा विषय आता संपलेला आहे.

उघडे अल्गोरिदमही विश्वासावर चालतात. 2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, सायमन आणि स्पेक प्रसिद्ध केले. स्पेक तर इतका सुटसुटीत की पाचदहा ओळींत लिहून होतो, आणि वेगाला तोड नाही. पण त्याच वर्षी स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि याच संस्थेने एका यादृच्छिक-संख्या प्रमाणात मागचं दार ठेवल्याचा संशय पक्का झाला. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण समितीत अनेक देशांनी आडकाठी केली आणि 2018 मध्ये हलक्या एन्क्रिप्शनच्या प्रमाणात दोघांना जागा नाकारली गेली. लिनक्समध्ये स्पेक स्वस्त अँड्रॉइड फोनसाठी आला आणि त्याच वर्षी काढला गेला. गूगलने त्याऐवजी चाचा या सायफरवर आधारलेलं अडिअँटम वापरलं. स्पेकवर आजही कोणी पूर्ण हल्ला दाखवलेला नाही. एखादी गोष्ट गणिताने टिकते आणि तरीही नाकारली जाते, हे अभियंत्यांना खटकतं. मला ते योग्य वाटतं. ज्याने बनवलं त्याने रचनेमागची कारणं मोकळेपणाने सांगितली नाहीत, तर विकत घेणाऱ्याने मोकळेपणाने नाही म्हणावं.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेने खुली स्पर्धा घेतली. 2019 मध्ये 57 प्रस्ताव आले, 2021 मध्ये दहा उरले. त्या दहांत भारतीय हात ठळक आहे: गिफ्ट-कॉफ्ब आणि फोटॉन-बीटल या दोन्ही रचनांच्या लेखकांत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे मृदुल नंदी आहेत. 7 फेब्रुवारी 2023 रोजी अ‍ॅस्कॉनची निवड जाहीर झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते अंतिम प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या परंपरेतल्या चौघांनी 2014 मध्ये ते रचलं होतं, म्हणजे निवडीपूर्वी जवळपास नऊ वर्षं जगातले विश्लेषक त्यावर डोकं आपटत होते. वयाचा हा पुरावा मला कोणत्याही वेगाच्या तक्त्यापेक्षा मोलाचा वाटतो.

अ‍ॅस्कॉनची रचना थोडक्यात अशी. 320 बिटची एक स्थिती, 64 बिटच्या पाच शब्दांत मांडलेली. तिच्यावर एकच मिसळण्याची क्रिया पुन्हा पुन्हा होते. किल्ली आणि संदेशाचा क्रमांक आत घालून ती आधी बारा फेऱ्या घुसळतात, मग संदेशाचे तुकडे आत घेत आणि झाकलेले तुकडे बाहेर देत आठ-आठ फेऱ्या, आणि शेवटी पुन्हा बारा फेऱ्या देऊन पडताळणीची खूण. झाकणं आणि खरेपणा पडताळणं एकाच दमात होतं, हॅशही त्याच यंत्रातून निघतं, म्हणजे कोड आणि गेट दोन्ही वाचतात. मोठा तक्ता लागत नाही. चिपचा वीजवापर मोजून किल्ली ओळखण्याच्या हल्ल्यांविरुद्ध मुखवटा चढवणंही एईएसपेक्षा स्वस्त पडतं. वर केलेल्या हिशेबात बाइट महत्त्वाचे ठरले, त्यासाठी प्रमाणात खूण कापून लहान करण्याचीही मुभा आहे.

मग सगळीकडे अ‍ॅस्कॉनच का नको? कारण आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रेडिओ-चिपमध्ये एईएस सिलिकॉनमध्येच कोरलेलं असतं. ते फुकट आहे, वेगवान आहे, तपासलेलं आहे. लोरावॅन, ब्लूटूथ, झिगबी, सगळे एईएस-128 वरच बांधलेले. इर्शाळगडासारख्या उतारावर लोरावॅनची पेटी बसवायची ठरली तर अल्गोरिदम निवडायचा प्रश्नच नाही, तो प्रोटोकॉलने आधीच निवडला आहे. अ‍ॅस्कॉन घ्यावं ते एईएसची सोय नसलेल्या चिपवर, स्वतःचा रेडिओ-प्रोटोकॉल रचताना, किंवा पेटी शत्रूच्या हाती सापडण्याची भीती असताना. चाचा हा तिसरा पर्याय, 32 बिटच्या चिपवर उत्तम, पण त्याच्या सोबतीची पडताळणी-खूण सोळा बाइटची, आणि बाइटचा भाव आपण पाहिला.

64 बिटच्या ठोकळ्याबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. 2016 च्या स्वीट-32 हल्ल्याने दाखवलं की अशा सायफरखाली एकाच किल्लीने 32 गिगाबाइटच्या आसपास मजकूर गेला की गळती सुरू होते. वेबसाइटला ही मर्यादा काही तासांची. आपली पेटी वर्षाला एक मेगाबाइट पाठवते. 32 गिगाबाइट व्हायला हजारो वर्षं लागतील. तेव्हा प्रेझेंट नाकारायचं ते या कारणाने नव्हे. ज्या सायफरची चांगली, तपासलेली कोड-लायब्ररी सहज मिळत नाही, ते इंजिनिअर स्वतः लिहायला बसतात. धोका तिथे आहे.

आता मूळ प्रश्न. डोंगर सरकतोय ही माहिती गुप्त कशाला ठेवायची? उलट ती चौक गावच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, प्रत्येकाच्या फोनवर उघडी दिसायला हवी. इथे गुप्तता जवळजवळ निरुपयोगी आहे. हवा आहे खरेपणा: हा संदेश त्याच पेटीने, आत्ता, पाठवला आणि वाटेत कोणी बदलला नाही. 7 एप्रिल 2017 ला मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेतल्या डॅलस शहरात वादळाचा इशारा देणारे सगळे 156 भोंगे एकदम वाजू लागले आणि तासाभराहून अधिक काळ कोणाला बंद करता येईनात. आपत्कालीन क्रमांकावर हजारो फोन आले. वादळ नव्हतं, कोणीतरी रेडिओवरून भोंग्यांना आज्ञा दिली होती, आणि आज्ञा खरी की खोटी हे तपासण्याची सोय त्यांच्यात नव्हती. असा भोंगा वाडीवर दोनदा खोटा वाजला की तिसऱ्यांदा भर पावसात घर सोडून कोण निघेल?

नुसतं झाकलेलं म्हणजे खरं, असंही नाही. प्रवाहासारख्या पद्धतीने झाकलेल्या संदेशातला एक बिट वाटेत उलटवला की उघडल्यावर नेमका तोच बिट उलटलेला निघतो. हल्लेखोराला किल्ली लागत नाही, मजकूर कुठे काय आहे एवढा अंदाज पुरतो. पडताळणीची खूण असली की हे पकडलं जातं. मग लोरावॅनची चार बाइटची खूण पुरेशी आहे का? अंदाजाने बरोबर खूण बसण्याची शक्यता सव्वाचार अब्जांत एक. दीड सेकंदाला एक या संथ रेडिओवर सगळ्या शक्यता संपवायला दोनशे वर्षं लागतील. डोंगरासाठी चार बाइट पुरे. हीच चार बाइटची खूण इंटरनेटला थेट जोडलेल्या सर्व्हरवर कोणी वापरली तर मात्र मूर्खपणा ठरेल, कारण तिथे सेकंदाला लाखो प्रयत्न होतात. वीजमीटरांच्या प्रमाणात बारा बाइटची खूण आहे ती म्हणून.

‘आत्ता पाठवला’ हा भाग सर्वांत जास्त ठिकाणी फसतो. कालचा खरा संदेश रेकॉर्ड करून आज पुन्हा वाजवला तर खूण बरोबरच येणार. म्हणून प्रत्येक संदेशावर चढता क्रमांक असतो आणि सर्व्हर जुना क्रमांक नाकारतो. हाच क्रमांक एन्क्रिप्शनच्या आतही जातो. एकाच किल्लीखाली तो दोनदा वापरला गेला तर दोन झाकलेले संदेश एकमेकांशी जुळवून दोन्हींमधला फरक उघडा मिळतो. वीजमीटरांत वापरल्या जाणाऱ्या एईएस-जीसीएममध्ये तर याहून वाईट घडतं, बनावट खुणाच तयार करता येतात. कागदावर नियम सोपा आहे: क्रमांक कधीही मागे जाता कामा नये. आता डोंगरावर या. जुलैमध्ये बॅटरी बदलली, पेटी नव्याने सुरू झाली, मोजणी पुन्हा शून्यापासून. सर्व्हर म्हणतो, हा जुना संदेश आहे, नाकारला. वर चढून गेलेल्या माणसाला खाली फोनवर सांगतात की डेटा येत नाही. तोही पावसात भिजलेला, संध्याकाळ होत आलेली. मग सर्व्हरच्या पडद्यावरची ‘क्रमांक तपासा’ या चौकटीतली टिक काढून टाकली जाते आणि डेटा येऊ लागतो. त्या क्षणापासून जुने संदेश पुन्हा वाजवणाऱ्याला दार सताड उघडं, आणि एन्क्रिप्शन मात्र कागदोपत्री एईएस-128. ही सोय बहुतेक लोरावॅन सर्व्हरमध्ये दिलेली असते, चाचणीसाठी म्हणून.

उपाय आहे, पण तो अल्गोरिदममध्ये नाही. क्रमांक चिपच्या कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवावा लागतो. प्रत्येक संदेशाला लिहिला तर साध्या फ्लॅश मेमरीचं एक पान दहा हजार वेळा पुसून झिजतं. दिवसाला 144 संदेश म्हणजे सत्तर दिवसांत खेळ खलास, ऐन पावसाळ्यात. म्हणून शंभर क्रमांक आगाऊ राखून शंभरातून एकदाच लिहायचं. पेटी मध्येच बंद पडली तर उरलेले क्रमांक वाया गेले, जाऊ देत. मग तेच पान एकोणीस वर्षं टिकतं. दुसरा मार्ग, सुरू होताना पेटीने सर्व्हरकडून नवी किल्ली घेणं. तो जास्त सुरक्षित, पण त्यासाठी गेटवेचा उलटा संदेश दरीत पोचायला हवा. निवड करताना विचारायचा प्रश्न हा आहे, आणि तो विचारणारा माणूस फार कमी बैठकांत असतो.

किल्ल्यांकडे वळू. 2016 मध्ये एयल रोनेन, आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्सच्या ह्यू दिव्यांवर हल्ला दाखवला. दिव्यांचं फर्मवेअर एईएसनेच संरक्षित होतं, गणितात काही चूक नव्हती. पण त्या जातीच्या सगळ्या दिव्यांत एकच किल्ली होती, आणि एका दिव्याचा वीजवापर मोजून ती बाहेर काढता आली. डोंगरावरच्या पेटीजवळ रात्री कोणी पहाऱ्याला नसतं. चार स्क्रू काढले की आतल्या डीबग पिना समोर. त्या बंद केल्या नसतील तर किल्ली वाचायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून प्रत्येक पेटीला वेगळी किल्ली, डीबग दार कायमचं बंद, आणि शक्य तर किल्ली बाहेर न देणारी छोटी सुरक्षा-चिप. एक पेटी फुटली तर एकच जावी. सगळ्या तालुक्याला एक किल्ली देणं म्हणजे सगळ्या आळीने एकाच कुंडीखाली किल्ली ठेवण्यासारखं.

आपल्याकडचा मोठा धोका मात्र चोराचा नाही, कंत्राटाचा आहे. यंत्रं बसवणारी कंपनी किल्ल्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते. तीन वर्षांचं देखभाल कंत्राट संपतं. नवा कंत्राटदार येतो, त्याच्याकडे किल्ल्या नाहीत, जुना त्या देत नाही किंवा त्याच्याकडेही उरलेल्या नाहीत. मग पेट्या डोंगरावर तशाच, बॅटरी शाबूत, संदेश पाठवत, आणि ते उघडायला कोणी नाही. इतकं मजबूत एन्क्रिप्शन की मालकालाही वाचता येत नाही!

काही यंत्रांत तर शत्रू बाहेरचा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना सांडपाणी आणि धुराचं सतत मोजमाप थेट मंडळाकडे पाठवायला सांगितलं. पाताळगंगेच्या काठच्या पट्ट्याला हा आदेश जवळचा आहे. अशा मीटरचा ताबा ज्याच्याकडे, आकडा कमी दिसण्यात हितही त्याचंच. हवेतला संदेश कितीही झाकला तरी सेन्सरची नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवणाऱ्याला एन्क्रिप्शन रोखत नाही. तिथे किल्ली मोजणाऱ्या भागातच, सीलबंद, हवी आणि तपासणीसाचं अचानक येणंही. वीजमीटरचं उलटं आहे: तिथे खरेपणाइतकीच गुप्तताही हवी. सोमवार ते शुक्रवार रिकामं राहणारं कर्जतचं फार्महाउस मीटरच्या आकड्यांवरून कोणालाही ओळखता येईल. कॅमेऱ्यांबाबत 2016 च्या मिराई या मालवेअरने दाखवलं की साठेक ठरावीक पासवर्ड पुरतात, सायफरपर्यंत जावंच लागत नाही. 9 एप्रिल 2025 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हीला सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, ती उशिरा का होईना, योग्य दिशेने.

खालापूरचा टोलनाका या सगळ्याला उलटा दाखला देतो. 1 एप्रिल 2025 पासून राज्य रस्ते विकास महामंडळाच्या टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. गंमत अशी की तोही लोरावॅनच्याच 865-867 पट्ट्यात बोलतो. टॅगचा ओळखक्रमांक योग्य रीडर असलेल्या कोणालाही वाचता येतो. अशा टॅगसाठी एईएस, प्रेझेंट, ग्रेन यांच्या प्रमाणित रचना आंतरराष्ट्रीय स्तरावर आहेत, पण त्या टॅग महाग करतात. जून 2022 मध्ये एक व्हिडिओ फिरला: काच पुसणारा मुलगा मनगटी घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे पळवतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो खोटा ठरवला. पैसे फक्त नोंदणीकृत टोलचालकाच्या खात्यातच, ठरलेल्या जागेवरूनच वळते होतात; क्रमांक वाचून हाती काही लागत नाही. टॅग दुबळा आहे, पण व्यवस्था त्याच्या भरवशावर उभी नाही. गाडीच्या हालचालीचा माग काढता येतो ही त्रुटी उरतेच, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही.

क्वांटम संगणकाची भीती घालून नव्या पेट्या विकणं आता सुरू होईल, म्हणून एवढंच: 128 बिटची किल्ली असलेलं एईएस किंवा अ‍ॅस्कॉन त्या भीतीने बदलायची गरज नाही. बदल येणार तो फर्मवेअरवरच्या सहीत. 2024 मध्ये प्रमाण झालेल्या, क्वांटमला टिकणाऱ्या एमएल-डीएसए या सही-पद्धतीची सर्वांत लहान सही 2420 बाइटची आहे. संथ लोरावॅनवर एका संदेशात 51 बाइट मावतात, म्हणजे नुसती सही पोचवायलाच 48 संदेश. डोंगरावरच्या पेटीला नवं फर्मवेअर हाताने नेऊन द्यावं, उन्हाळ्यात, बॅटरी बदलतानाच.

तालुक्यात सेन्सरची निविदा निघेल तेव्हा तिच्यात एईएस लिहिलं आहे की अ‍ॅस्कॉन, यावर वेळ घालवू नका, दोन्ही चालतील. प्रत्येक पेटीची वेगळी किल्ली, क्रमांक-तपासणी बंद न करण्याची अट आणि कंत्राट संपताना सगळ्या किल्ल्या तहसील कार्यालयाच्या ताब्यात देण्याचं कलम तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा, आणि तिची प्रत ग्रामसभेच्या इतिवृत्तात जोडून घ्या.